चर्चची गाणी सोडून बाकीचं संगीत ऐकणं चुकीचं आहे का?

पेटीवाला_नगरकर:
सलाम सगळ्यांना. मी नगरचा, दहावीपासून रविवारच्या उपासनेला पेटी वाजवतो. मागच्या शनिवारी प्रॅक्टिसला लवकर पोचलो, कोणी आलं नव्हतं म्हणून हात मोकळा करायला भीमसेनजींनी गायलेला एक अभंग वाजवत बसलो, आणि नेमके युवक संघाचे एक दादा आले. म्हणाले, ज्या पेटीवर देवाचं गाणं वाजतं तिच्यावर हे कशाला? मग सगळ्यांसमोर मोबाईल मागून घेतला आणि प्लेलिस्ट बघितली 😅 त्यात लावणी, कुमारजी (कुमार गंधर्व), मेहदी हसन, एक मेटल बँड, म्हणजे काय नव्हतं ते विचारा. "सगळं जगिक आहे, म्हणजे देवाचं नाही, जगाचं आहे, डिलीट कर." केलं नाही मी, पण तेव्हापासून गाडीत गाणं लावलं की उगाच चोरी करतोय असं वाटतं. कुमारजी ऐकताना मला देव जवळ वाटतो हे खरंय, मग ते चुकीचं कसं काय? वाद घालायला नाही, खरंच विचारतोय.

जुना_वाचक:
लेकरा, तुझ्यासमोर जे भजनांचं पुस्तक असतं ना, ते उघड आणि त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं किती आहेत ती मोज. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला माणूस, आणि स्वतः सांगायचे की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. पूल जाळून नाही आले रे. त्यांच्या आधी मिशनरी लोकांनी इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले होते, त्यातली काही आपण अजून म्हणतो आणि ऱ्हस्वाचं दीर्घ करून करून दम लागतो, भाव कुठे जातो देव जाणे. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, आणि आमच्या आजीसारख्या निरक्षर बाईला जात्यावर म्हणता येईल असं भजन दिलं. त्यांच्याही आधी तुझ्याच नगर भागात कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करायचे, पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान येशूचं. तेव्हाही कोणी ना कोणी म्हणालंच असेल की हे हिंदूंचं आहे, इथे कशाला. त्या दादांना विचार, ते डोळे मिटून जे भजन म्हणतात त्याची चाल आली कुठून?

वचन_प्रथम:
काकांचा मान ठेवून सांगतो, मुद्दा थोडा घसरतोय. टिळकांनी साचा घेतला, आत ख्रिस्त भरला. इथे प्रश्न नुसतं ऐकण्याचा आहे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलंय की मोकळीक सगळ्याची आहे पण सगळं हितकारक नाही. माझंच सांगतो. मी आठ वर्षांपूर्वी दारू सोडली. गझल लागली की माझा हात अजून ग्लास शोधतो, दोन मिनिटांत त्या टेबलावर परत जाऊन बसतो मी. गझलेत पाप आहे असं नाही म्हणत, पण माझ्या घरात ती लागत नाही. त्या दादांचं मोबाईल तपासणं चुकलंच, ते काय पोलिस आहेत? पण "सगळं संगीत देवाचंच" असं सरसकट म्हणणंही मला पटत नाही.

घुमटवाला:
गोव्यातून लिहितोय. हे "जगिक" प्रकरण आम्ही फार भोगलंय. 1736 साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाने, हुकूम काढून ख्रिस्ती लोकांच्या लग्नातल्या ओव्यांवरसुद्धा बंदी आणली, कारण काय तर जुन्या धर्माचा वास येतो. आणि गंमत बघा, त्याच गोव्यात 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं होतं, ओवीतच! आता घुमट, म्हणजे मडक्याला कातडं लावलेलं आमचं तालवाद्य, 2019 पासून राज्याचं वारसा वाद्य आहे आणि मी स्वतः मिस्सेत (चर्चच्या उपासनेत) वाजवतो. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावायचे, आता कायद्याने बंद, म्हणून बकऱ्याचं. आवाजात फरक पडतो, पण असो.

दुसरी बाजू पण आहे. आमच्याकडे चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फा (पाश्चात्य सारेगम) आणि व्हायोलिन शिकवायचे, क्वायरसाठी. तीच पोरं पुढे मुंबईला जाऊन सिनेमात वाजवायला लागली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस क्वायरमास्तरचेच चिरंजीव, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. म्हणजे तुमचे दादा लग्नाच्या वरातीत ज्या गाण्यावर नाचले असतील त्याचा एक धागा चर्चमधूनच आलाय 😂

ऑर्गनताई_पुणे:
जर्मन संगीतकार बाखने पॅशन (ख्रिस्ताच्या दुःखभोगाचं संगीत) लिहिलं आणि कॉफीच्या व्यसनावर विनोदी कँटाटा (गायनरचना) पण लिहिला, त्याला काही कानकोंडं झालं नाही.

बायबलमधलंच बघायचं तर उत्पत्ती 4 काढा. तंतुवाद्य आणि बासरी वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष यूबाल, तो कोणाच्या वंशातला? भावाचा खून करणाऱ्या काइनाच्या! आणि पुढे दावीद तसलंच तंतुवाद्य घेऊन राजा शौलासमोर बसतो आणि शौलाला बरं वाटतं. अलीशा संदेष्टा तर भविष्य सांगायच्या आधी वाजवणारा माणूस बोलवा म्हणतो (2 राजे 3), तो वाजवायला लागल्यावर परमेश्वराचा हात त्याच्यावर येतो. वाजवणारा कुठला, काय वाजवत होता, काही लिहिलेलं नाही. उलट आमोस 5 मध्ये देव चक्क मंदिरातल्या गाण्यांना गोंगाट म्हणतो, कारण गाणाऱ्यांच्या गावात न्याय नव्हता. म्हणजे पवित्र शब्द असले की झालं असंही नाही.

@वचन_प्रथम तुमचं गझलेचं पटलं. माझ्यापुरतं मी एवढंच बघते की ऐकून झाल्यावर माझं घरच्यांशी वागणं कसं होतं. काही वर्शिप गाणी ऐकूनसुद्धा चिडचिड होते माझी, तेच चार कॉर्ड वीस मिनिटं.

वचन_प्रथम:
चार कॉर्डवाल्याला माझंही अनुमोदन 🙏

पेटीवाला_नगरकर:
सगळ्यांचे आभार. मेटल बँडबद्दल कोणीच काही बोललं नाही, त्यातली एकदोन गाणी मी स्वतःच काढली, नुसता राग होता त्यात आणि माझ्याकडे तो आधीच भरपूर आहे. कुमारजी राहणार. काका, पुस्तक मोजायला घेतलं, पण अर्ध्या भजनांच्या चाली आमच्याकडे कोणालाच येत नाहीत, नुसते शब्द उरलेत.

जुना_वाचक:
कुठली येत नाहीत त्यांचे नंबर टाक. म्हणून पाठवतो. काळी एकच्या पट्टीच्या वर आवाज जात नाही आता, सांभाळून घे.