कॉर्सवरच्या जीपीएस मोजणीत सगळे पॉइंट एक मीटर सरकलेत, चूक कुणाची?

बांधावरचा: नाशिक जिल्ह्यातलं शेत. 2024 साली तिथल्याच सिमेंटच्या खांबावर स्वतःचा बेस (एका जागी स्थिर ठेवायचा जीपीएस रिसीव्हर) लावून चारी बांध मोजले होते. आता भाऊ वेगळे होतायत, म्हणून मधला बांध घ्यायला परवा परत गेलो. या वेळी बेस नेलाच नाही, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सला, म्हणजे कायम चालू असलेल्या जीपीएस स्टेशनांच्या जाळ्याला, रोव्हर (हातात फिरवायचा रिसीव्हर) जोडला. लगेच फिक्स, म्हणजे सेंटिमीटरभर अचूक जागा. जुन्या खुणांवर टेकवला तर उत्तरेचा आकडा 65 सेंमी कमी, पूर्वेचा 78 सेंमी कमी. चारी कोपऱ्यांवर तेच! बांधांची लांबी मात्र सेंटिमीटरला जुळते, उंचीतही 2-3 सेंमीचाच फरक. धाकटा विचारतो, "माझा मीटर गेला कुठं?" स्टेशन 30 किमी लांब आहे, त्यामुळे असेल का?

गावठाण: अंतरानं एवढं जात नाही. एकाच स्टेशनवरून आरटीके (जागच्या जागी दुरुस्ती घेत मोजणं) घेतलं तरी किलोमीटरमागे मिलीमीटरभर धरा, 30 ला तीन सेंमी. शिवाय राज्यात 77 स्टेशनं आहेत. व्हीआरएस ही सोय लावली की त्यांच्या जोरावर तुमच्या शेजारीच काल्पनिक बेस तयार होतो. फ्लोटवर, म्हणजे फिक्स न लागता कच्च्या आकड्यांवर, तर मोजलं नाहीत ना?

बांधावरचा: नाही हो. दिवस मावळल्यावर फ्लोट दाखवायला लागला, तेव्हा गुंडाळलंच.

जुना मोजणीदार: संध्याकाळचा तो त्रास आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा), आपल्या अक्षांशांना नेहमीचाच. इथे त्याचा संबंध नाही. लांबी जुळते आणि सगळं एकाच दिशेला सरकलंय, म्हणजे मोजणी ठीक, बेसचे आकडे वेगळे. 2024 ला ते आणले कुठून?

बांधावरचा: बेस एका जागी ठेवून घेतलेला चार तासांचा स्टॅटिक डेटा ऑनलाइन पीपीपीला (जवळच्या बेसशिवाय जागा काढून देणाऱ्या सेवेला) टाकला होता.

जुना मोजणीदार: सापडला मग मीटर. पीपीपीनं त्या दिवशीचे आकडे दिले. कॉर्सचे आकडे आयटीआरएफ 2008 या जागतिक संदर्भ चौकटीचे, 2005 सालच्या जागेला बांधलेले. तेव्हापासून आपलं शिवार ईशान्येला वर्षाला पाचेक सेंमी सरकतंय. 19 वर्षांचा गुणाकार करा. याच पायी मी एका लेआउटच्या कुंपणाचे खड्डे स्वखर्चानं दुसऱ्यांदा खणून दिलेत. आता जुन्या खांबावर रोव्हर लावा, तासाभरानं पुन्हा लावा. येईल तो फरक 2024 च्या सगळ्या पॉइंटना द्या. मधला बांध त्यानंतर.

बांधावरचा: खांब शाबूत आहे, त्याला शेळी बांधतात. धाकट्याला काय सांगू?

जुना मोजणीदार: थोरल्याची जमीनही तेवढीच सरकलीय म्हणा.