पॉम्पेईची लोकं पळाली काहून नाहीत? मुलाला काय सांगू?

त्रिमूर्तीनगरची_आई

नमस्कार मंडळी, माझा मुलगा सातवीत आहे, शाळेत सायन्स एक्झिबिशन आहे आणि त्यानं ज्वालामुखीचं मॉडेल घेतलंय, म्हणजे तेच आपलं मातीचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. सोबत पॉम्पेईचा चार्ट लावायचा आहे, म्हणजे इटलीतलं ते जुनं रोमन गाव, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं. परवा रात्री आम्ही दोघं मोबाईलवर फोटो पाहून राहिलो होतो तर त्यात तो कुत्रा आला, पाठीवर पडलेला, पाय वर, सगळं अंग पिळवटलेलं, गळ्यात पट्टा. पोरगा एकदम गप्पच झाला. मग म्हणे, आई, डोंगर फुटताना दिसत होता ना त्यांना, मग पळाले काहून नाही? आणि हा खरा कुत्रा आहे की पुतळा?

मी म्हटलं लाव्हा फार जोरात आला असेल. पण माझं मलाच पटलं नाही, लाव्हा आला असता तर भिंतीवरची चित्रं आणि पाव शिल्लक कसे राहतील? कोणी नीट समजावून सांगेल का, बारा वर्षांच्या मुलाला सांगता येईल असं, पण खोटं नको.

काळा_दगड

ताई, तुमची शंका एकदम बरोबर आहे. पॉम्पेई लाव्ह्यानं गेलंच नाही. माझं सगळं आयुष्य खडकांच्या कामात गेलं, आता रिटायर आहे, सेमिनरी हिल्सला रोज फिरायला जातो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी मुलाला एक करायला सांगा. टाचा घासायला बाजारात तो हलका, भोकंभोकं असलेला दगड मिळतो ना, तो असली असेल तर बादलीत टाका, तरंगेल. तो प्युमिस, म्हणजे दगडाचा फेसच. व्हेसुव्हियस म्हणजे पॉम्पेईजवळचा तो ज्वालामुखी, त्याच्या आतला वितळलेल्या दगडाचा रस दाट आणि गॅसनं भरलेला होता, तोंड उघडल्यावर सोड्याची बाटली हलवून उघडल्यासारखा तो फेस होऊन वर उडाला, कित्येक किलोमीटर. वारा आग्नेयेकडे होता आणि पॉम्पेई डोंगरापासून साधारण १० किलोमीटरवर त्याच बाजूला, त्यामुळे दुपारपासून गावावर हे खडे आणि राख पडू लागली. राख म्हणजे चुलीतली मऊ राख समजू नका, दगडाचा आणि काचेचा चुरा असतो तो. जवळपास १८ तास हे चाललं आणि गावात अडीच-पावणेतीन मीटरचा थर साचला.

आता पळण्याचं. सुरुवातीला खडे हलके होते, लोकांना वाटलं असेल घरात थांबू, ओसरेल. बाहेर अंधार, डोक्यावर दगड, घरात म्हातारी माणसं, लेकरं. आणि थोड्या वेळानं दारं उघडेनात, कारण बाहेर कंबरेपर्यंत थर, वरून छपरं बसायला लागली. मग पहाटेपासून दुसरीच गोष्ट आली, गरम गॅस आणि राखेचा लोंढा डोंगरावरून जमिनीलगत सुटला, शेकडो डिग्री तापलेला, त्याच्यापुढे माणूस पळू शकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ झालं की जीव नकोसा होतो, इथे तर एक श्वास घेतला की संपलं.

पण 'पळाले नाहीत' हे पूर्ण खरं नाही हो ताई. गावात अंदाजे १०-१२ हजार लोक राहत असावेत, आणि आतापर्यंत सापडलेले अवशेष हजार-बाराशेच्या घरात आहेत. काही भाग अजून खणायचा आहे हे धरूनही पुष्कळ लोक पहिल्याच दुपारी निघून गेले असं दिसतं. मुलाला हे नक्की सांगा.

आणि आपल्या नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड ज्वालामुखीचाच आहे, पण तो पातळ लाव्हा, भेगांमधून निघून पसरलेला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. लाल रंगाचं मॉडेल त्या प्रकाराच्या जवळचं, पॉम्पेईच्या नाही.

राखेखालचं_गाव

काकांनी मस्त सांगितलं. मी आर्किऑलॉजीला आहे, पुतळ्याचं मी सांगते.

तो पुतळाही नाही आणि नुसता कुत्राही नाही. राख शरीराभोवती घट्ट बसली, आतलं शरीर कुजून गेलं, राखेत त्याच आकाराची पोकळी उरली. खणताना ह्या पोकळ्या लागायच्या आणि फुटून जायच्या. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फियोरेल्लीनं त्यात प्लास्टर ओतायची पद्धत सुरू केली, सुकल्यावर भोवतीची राख काढली की माणूस समोर, कपड्याच्या चुण्यांसकट. हाडं आतच असतात. (आपला नागपूरचा अजब बंगला, म्हणजे म्युझियम, तोही १८६३ चाच, मला हे कायम लक्षात राहतं.)

कुत्रा साखळीला बांधलेला होता. खडे साचत गेले तसा तो वर वर चढत गेला असणार, साखळी संपेपर्यंत. हे मुलाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मला स्वतःला ते वाचून दोन दिवस चैन पडलं नव्हतं.

एक सावधगिरी. सोन्याचं कडं घातलेली आई आणि कडेवर लेकरू असं एका साच्याबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २०२४ मध्ये डीएनए तपासणीचा निकाल प्रसिद्ध झाला, ती 'आई' पुरुष निघाली आणि त्या लेकराशी रक्ताचं नातंही नव्हतं. म्हणून फोटोखाली कोण कोणाचं ते चार्टवर लिहू नका.

आणि आपल्या मुलांना हे कोणी सांगतच नाही म्हणून लिहिते. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात भारतातून गेलेली हस्तिदंती मूर्ती सापडली, जेमतेम २४-२५ सेंटीमीटरची, दागिन्यांनी मढलेली बाई, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. आधी लक्ष्मी म्हणाले, आता बरेच जण यक्षी म्हणतात. नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. तिच्याशी जवळचं साम्य असलेला हस्तिदंती तुकडा आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळालाय, आणि तिथलं १९७३ चं उत्खनन नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केलेलं! म्हणजे इ.स. ७९ च्या आधी आपल्या भागातलं कोरीवकाम तिथवर पोचलं असू शकतं.

धंतोली_वाचक

चार्टवर '२४ ऑगस्ट' पक्कं म्हणून टाकू नका. जुन्या पुस्तकांत तीच तारीख असते, पण २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली नोंद मिळाली, त्यात १७ ऑक्टोबर येतो, वर्ष नाही. कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही म्हणून स्फोट ऑक्टोबरमधला असावा असं आता बरेच जण धरतात. नुसतं 'इ.स. ७९' लिहा.

आणि धाकट्या प्लिनीची पत्रं त्याला वाचून दाखवा, हा स्फोट स्वतः पाहिलेला रोमन लेखक तो. तेव्हा तो १७ वर्षांचा होता, खाडीपलीकडे मिसेनम गावात. त्याचा मामा आरमाराचा प्रमुख, तो लोकांना वाचवायला जहाजं घेऊन गेला आणि स्टाबिया गावाच्या किनाऱ्यावर मरण पावला. तिथं लोकांनी खड्यांपासून वाचायला डोक्यावर उशा बांधल्या होत्या. उशा! मला तर पूर्ण प्रकरणात हेच सगळ्यात जवळचं वाटतं.

त्रिमूर्तीनगरची_आई

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. काल संध्याकाळी टाचेचा दगड बादलीत टाकला, खरंच तरंगला, पोरानं पाच वेळा दाबून पाहिला. लाल रंग रद्द केलाय. आता डोंगराच्या एका बाजूला पुठ्ठ्याची घरं आहेत आणि त्यांच्यावर तो चाळणीनं राखाडी रंगाची बारीक रेती पाडून दाखवणार, दार अर्धं बुजेपर्यंत.

कुत्र्याचं मी सांगितलं, खोटं नको म्हटलं होतं ना मीच. थोडा वेळ काही बोलला नाही. मग एक घर त्यानं चार्टवर वेगळं काढलं, त्याच्या अंगणात कुत्रा आहे आणि बाजूला साखळी, सुटलेली.