पुरुष सेक्स वर्कर: प्रेपची गोळी आली, मग कार्यकर्ते हवेत कशाला?

काठावरचा: वरचा प्रश्न एका पोस्टमधला आहे. 'समुपदेशक आणि कार्यकर्ते पोसणं बंद करा, त्या पैशात गोळ्या वाटा,' असं त्यात ठासून लिहिलंय. वाचून राहवलं नाही. प्रेप म्हणजे एचआयव्ही लागू नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी. ती काम करते, त्यात वाद नाही. पण धंदा करणारा मुलगा बहुधा चौघांसोबत एका खोलीत राहतो. बाटली उचलली की वाजते, आणि लेबलवरचं नाव एचआयव्हीच्या उपचारातलंच असतं. कुणी वाचलं तर खोली गेली. साध्या डबीत गोळ्या काढून देणं, केंद्र रात्री उघडं ठेवणं, नंबर बदलला तरी ओळखीपाळखीतून त्याला गाठणं, हे कोण करणार?

सरळरेघ: गोळ्या डबीत काढल्या की ओल धरतात, आठवड्यापुरत्याच काढा. मूळ मुद्दा पैशाचा आहे. आणि रोज गोळी हवीच असंही नाही. 2019 पासून जागतिक आरोग्य संघटना पुरुषांसाठी प्रसंगापुरती पद्धतही सांगते: संबंधाआधी 2 ते 24 तासांत 2 गोळ्या, त्या 2 गोळ्या घेतल्यापासून 24 तासांनी 1 आणि 48 तासांनी 1. याला कार्यकर्ता कशाला लागतो?

काठावरचा: गिऱ्हाइकाचा फोन अर्धा तास आधी येतो, ते 2 तास आणायचे कुठून? रोज गिऱ्हाईक असेल तर शेवटच्या संबंधानंतर 2 दिवस होईपर्यंत रोज 1 घ्यावीच लागते, म्हणजे पुन्हा रोजचीच गोळी. शिवाय जुनाट हिपॅटायटिस बी असेल तर बरेच डॉक्टर ही पद्धत टाळायला सांगतात, गोळी थांबली की यकृताचा दाह उसळू शकतो. हे त्याला समजावणार कोण?

लॅबवाली: तुम्ही दोघं एचआयव्हीपाशीच अडकलात. गनोरिया, क्लॅमिडिया हेही संबंधातून लागणारे संसर्ग. घशात किंवा गुदमार्गात असा संसर्ग असला तर तो बहुतेक वेळा लक्षणं दाखवत नाही. नुसती लघवी तपासली तर तो निसटतो आणि माणूस 'निगेटिव्ह' ऐकून परत जातो. तिन्ही जागांचे नमुने हवेत. त्यासाठी संबंध कसा होतो हे तोंडावर विचारावं लागतं, आणि तिथेच सगळे लाजतात.

सरळरेघ: विषय एचआयव्हीचा आहे, भरकटवू नका.

लॅबवाली: भरकटवत नाहीये! गुदमार्गात असा संसर्ग असेल तर एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो. तुम्हाला हे ठाऊक नसेल तर खर्चाचे निवाडे देऊ नका. आणि कंडोमच्या खोक्यांसोबत वंगणाचं जेल का देत नाहीत? जेल नसलं की तेल किंवा व्हॅसलीन लावतात, कंडोमचं लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं आणि फाटतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेलच हवं.

काठावरचा: जेल दिलं तरी पोलिसांच्या झडतीचं काय? खिशातले कंडोम पुरावा धरले जातात, म्हणून पोरं ते जवळ बाळगतच नाहीत. पोलिसांशी बोलणं हेही कार्यकर्त्याचंच काम.

सरळरेघ: पोलीस सुधारायला निघालात तर पैसा कधीच पुरणार नाही.

काठावरचा: मग एवढं तरी सांगा. शुक्रवारी रात्री कंडोम फाटला, प्रेप चालू नाही. पेप, म्हणजे संबंधानंतर एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायचं औषध, 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि पुढे 28 दिवस घ्यायचं. केंद्र सोमवारी सकाळी उघडतं. रांग, केसपेपर, 'कुठे झालं, कुणाबरोबर झालं' यात मुदत टळते. फोन कुणी उचलायचा?

सरळरेघ: पेपचं मान्य. रात्रीच्या फोनसाठी एक माणूस ठेवा. बाकीच्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

लॅबवाली: एक आजारी पडला तर? निदान दोघं ठेवा, आणि पेपचे पहिल्या काही दिवसांचे डोस त्यांच्या हाताशी असू द्या.