माउंट राइटसन (अ‍ॅरिझोना): सपाटीवरच्या माणसाने तयारी कशी करावी?

सातरस्ता: ऑक्टोबरात लेकीकडे टूसॉनला जाणार आहोत. मडेरा कॅनियनमधून माउंट राइटसन चढायचा विचार आहे. दोघंही पंचावन्नच्या पुढे, रोज तासभर चालतो. पण सोलापुरात चढ कुठला? वाट कुठली घ्यावी?

भुईकोट: झेपेल, पण सपाट चालण्याच्या भरवशावर जाऊ नका. गाडी लावायची जागाच १६५० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढी. शिखर २८८१ मीटर. ओल्ड बाल्डी वाटेने एका बाजूचं अंतर ८.७ किमी, सुपर ट्रेलने १३. ओल्ड बाल्डीच घ्या. ताशी ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा धरला, तर त्या वाटेने न थांबता वर जायला पावणेचार तास होतात. तुम्ही पाच धरा.

साडेसहाला निघा. जोसेफिन सॅडल ही खिंड साधारण साडेतीन किलोमीटरवर आहे. तिथे नऊपर्यंत पोचला नाहीत तर शिखर सोडा, खिंडीतूनच परत फिरा. अनेक वाटा तिथे एकत्र येतात, चुकामूक होते ती इथेच. पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढच्या बाल्डी सॅडलपासून शेवटचा दीड किलोमीटर उघड्या खडकातून जातो.

होटगी_रोड: सराव जिन्यावर करा, काका. दहा मजली इमारत साधारण ३० मीटर, म्हणजे हा डोंगर तीच ४१ वेळा चढण्याएवढा. सहा किलोची पिशवी पाठीवर घेऊन १० फेऱ्यांपासून सुरुवात, दर आठवड्याला चार-पाच वाढवत २५ पर्यंत. लिफ्टने खाली येऊ नका! गुडघे बोलतात ते उतारावर, आणि मांडीचे स्नायू उतरूनच तयार होतात. काठ्या दोन घ्या.

भुईकोट: बरोबर. सोलापूरकराला उन्हाची धास्ती नसते, तिथे त्रास होतो तो गारठ्याचा. खाली वाळवंट, कॅनियनमध्ये सिकॅमोर नि ओक, वर पाइन. पार्किंगपेक्षा शिखरावर सात-आठ अंशांनी गार, वर वारा. विंडचीटर हवाच.

बाळीवेस: सुपर ट्रेल का नको? चढ सौम्य आहे की.

भुईकोट: सौम्य आहे, पण जाऊन-येऊन २६ किमी. ऑक्टोबरात सहाच्या आसपास अंधार पडतो. खिंडीपर्यंतच जायचं असेल तर मात्र सुपर ट्रेलच घ्या.

बाळीवेस: पाणी?

होटगी_रोड: माणशी चार लिटर, खालूनच. वाटेत बेलोज स्प्रिंग आहे, पण झऱ्याच्या भरवशावर राहू नका. घेतलंच तर गाळून, शुद्ध करून. खायला कडक भाकरी नि शेंगा चटणी उत्तम, मीठही मिळतं. फक्त भाकरीचे तुकडे करून डब्यात भरा, पिशवीत भुगा होतो. खाण्याचं काही उघड्यावर ठेवू नका, अस्वलं आहेत.

भुईकोट: बेत जुलै-ऑगस्टवर गेला तर दुपारी विजा पडतात, बाराच्या आत शिखरावरून खाली या. डिसेंबर ते मार्च वरच्या सावलीतल्या वाटेवर बर्फ असतो, बुटांना काटे लावल्याशिवाय जाऊ नये. कॅनियनमध्ये रेंज धरू नका, नकाशा लेकीच्या घरीच डाउनलोड करून घ्या.