एमएम ५४०: रेस दिली की १६ व्होल्ट, रेग्युलेटर दोनदा बदलला, आता काय बघू?

वाशिष्ठी_काठ

नमस्कार मंडळी. गाडी आमच्या अण्णांची, महिंद्राची जीप एमएम ५४०, १९९३ चं मॉडेल, प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. गाडी चिपळूणलाच असते आणि २०२१ च्या जुलैमधल्या पुरात सीटपर्यंत पाण्यात होती. तेव्हा सगळी तेलं बदलली, सेल्फ आणि डायनामो (म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) खोलून सुकवले, आणि गाडी चालू झाली ती आजतागायत चालतेय. पण गेल्या पावसाळ्यापासून चार्जिंगने जीव खाल्लाय.

दर आठ-दहा दिवसांनी बॅटरीत पाणी घालावं लागतं, झाकणांभोवती कायम ओल, टर्मिनलवर पांढरी भुकटी, आणि घाट चढून आल्यावर बॉनेट उघडलं तर नाकात झोंबणारा वास. हेडलाईटचे बल्ब दोन महिन्यांत तीन गेले. मल्टीमीटर लावला तर आयडलला १३.६, रेस दिली की १५.१ आणि कधीकधी १६ च्या वर.

इथल्या इलेक्ट्रिशियनने चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर (तो कटआउट म्हणतो) बदलला, फरक नाही. मग म्हणाला डुप्लिकेट लागला असेल, दुसरा आणला, तेच. आता म्हणतोय डायनामोच बदला. पैसे घालायला माझी ना नाही, अण्णांनी या गाडीवर आमची शिक्षणं केलीत, पण नेमकं काय बिघडलंय ते कळल्याशिवाय आणखी एक पार्ट टाकायची इच्छा होत नाही. रेग्युलेटर बाहेरचा आहे, मडगार्डच्या आतल्या बाजूला बोल्टने बसवलेला, तीन वायरी: इग्निशन, फील्ड (डायनामोच्या आतल्या कॉइलला करंट देणारी), अर्थ.

अजून एक विचित्र गोष्ट. वायपर आणि डॅशबोर्डवरचा छोटा पंखा लावला की व्होल्टेज खाली यायच्या ऐवजी वर जातं. १६ दिसतं ते बहुतेक तेव्हाच. हे कसं काय?

कातळ४बाय४

सगळ्यात आधी मल्टीमीटरच्या आतली बॅटरी बदला. ती उतरली की मीटर खोटं जास्त व्होल्टेज दाखवतो, मी स्वतः यात फसलोय, एक चांगला रेग्युलेटर काढून फेकला होता. पण तुमचं पाणी खरोखर कमी होतंय आणि बल्ब जातायत म्हणजे चार्जिंग जास्त असणारच, तरी आकडे खरे आहेत ना ते आधी बघून घ्या.

घाटवाट_भोर

आमच्याकडचा मिस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीचा एक टर्मिनल काढतो आणि डायनामो एकटा काय देतो ते बघतो. डिझेल गाडी आहे त्यामुळे इंजिन बंद पडत नाही. तसं बघा एकदा. नाहीतर बेल्ट थोडा ढिला करून बघा, चार्जिंग कमी होईल.

तारयंत्री

टर्मिनल काढायचा आणि बेल्ट ढिला करायचा, हे दोन्ही उपाय कृपा करून करू नका. मी तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय आणि टर्मिनल काढून बघण्याच्या या सवयीने मेलेले डायोड किती बदलले त्याची गणती नाही. डायनामो चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली की जाणारा करंट थांबायला जागा नसते, व्होल्टेज क्षणात कितीतरी पटीने उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, जे समोर येईल ते जातं. जुन्या काळच्या डीसी डायनामोवर ही पद्धत पडली आणि तीच अल्टरनेटरवर चालू राहिली. बेल्टचंही तसंच, ढिला केला तर आयडलला चार्जिंग मिळणार नाही, पट्टा घसरून जळेल, आणि रेस दिल्यावर व्होल्टेज तेवढंच राहील.

आता तुमचं. तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना, वायपर लावला की व्होल्टेज वाढतं, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. रेग्युलेटरला बॅटरीचं व्होल्टेज थेट दिसत नाही, त्याला त्याच्या इग्निशनच्या वायरीवर जे येतं तेवढंच दिसतं. ती वायर बॅटरीपासून निघून फ्यूज बॉक्स, इग्निशन स्विच, दोन-तीन कपलर (वायरी जोडणारे प्लग) असा फेरा मारून येते. वाटेत कुठे गंज असेल तर व्होल्टेज तिथेच गळतं, रेग्युलेटरला वाटतं बॅटरी अजून भरलेली नाही आणि तो फील्डला आणखी करंट सोडतो. पाण्याच्या टाकीतला बॉल खाली अडकला की टाकी भरून वाहते तरी नळ बंद होत नाही, तसं. वायपर आणि पंखा त्याच वायरीवरून चालत असतील तर ते लावले की गळती वाढणार आणि बॅटरीवर आणखी जास्त जाणार. नवीन रेग्युलेटरही तीच वायर बघतो, म्हणून तीनही रेग्युलेटरनी तेच केलं.

मोजून खात्री करा. इंजिन चालू, रेस थोडी वर, मीटर डीसी व्होल्टवर. मीटरची लाल काडी बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवरच, वरच्या क्लॅम्पवर नको, आणि काळी काडी रेग्युलेटरच्या इग्निशन पिनवर. ०.२-०.३ आलं तर ठीक. एकदा वायपर बंद ठेवून आणि एकदा लावून घ्या. मग लाल काडी रेग्युलेटरच्या बॉडीवर आणि काळी बॅटरीच्या मायनसवर, हे ०.१ च्या आत हवं, कारण रेग्युलेटरचा अर्थ कच्चा असला तरी अगदी हाच त्रास होतो आणि मडगार्डला रंग मारला की बोल्टखाली रंग राहतो. शेवटी इंजिन बंद करून रेग्युलेटरचा कपलर काढा, पुन्हा चालू करा आणि जरा रेस द्या. आता चार्जिंग अजिबात व्हायला नको. झालं तर फील्डची वायर कुठेतरी शॉर्ट आहे आणि मग गोष्ट वेगळी. तेव्हा लगेच इंजिन बंद करायचं.

एक कळकळीने सांगतो, या दिवसांत बॅटरीजवळ पेटती काडी, विडी, ठिणगी काही नेऊ नका. साध्या लेड बॅटरीला सतत १४.४ च्या वर ठेवलं की पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होत राहतो आणि तो बॉनेटखाली साठतो.

वाशिष्ठी_काठ

काका, मनापासून आभार. मीटरमध्ये नवीन बॅटरी टाकली, आकडे तेच आहेत. आज सकाळी भावाला रेसवर बसवून सगळं मोजलं.

वायपर बंद: बॅटरीवर १५.१, प्लस ते इग्निशन पिन ०.९. वायपर आणि पंखा चालू: बॅटरीवर १६.२, प्लस ते पिन २.०. रेग्युलेटर बॉडी ते मायनस ०.०५. कपलर काढल्यावर १२.४, रेस देऊनही हलत नाही.

२.० बघून मला वाटलं मीटर चुकला म्हणून तीनदा घेतलं.

तारयंत्री

मीटर चुकला नाही. आता वजाबाकी करा. १५.१ वजा ०.९ म्हणजे १४.२. १६.२ वजा २.० म्हणजेही १४.२. रेग्युलेटर दोन्ही वेळी स्वतःच्या पिनवर बरोबर १४.२ धरून बसलाय, म्हणजे तो अगदी चोख काम करतोय, आणि काढलेले दोन्हीही बहुतेक चांगलेच असतील, टाकून दिले नसतील तर ठेवा जपून. डायनामोला हात लावू नका. अर्थ चांगला, फील्ड चांगली. दोष बॅटरी ते पिन या वायरीत.

आता तो कुठे ते शोधा. लाल काडी बॅटरीवर तशीच ठेवायची, वायपर चालू ठेवायचा आणि काळी काडी एकेक टप्पा पुढे न्यायची: फ्यूज बॉक्सची आत जाणारी बाजू, बाहेर येणारी बाजू, इग्निशन स्विचची आत जाणारी, बाहेर येणारी, मग कपलर. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम उडी मारेल तिथे गंज आहे. आणि हातानेही बघा. वायपर, पंखा, फील्ड मिळून सात-एक अँपिअर जात असतील, २ व्होल्ट गळतायत म्हणजे १४ वॅट उष्णता एकाच ठिकाणी. ती जागा दहा मिनिटांत गरम लागेल. पूर बघितलेली गाडी आहे, माझा अंदाज स्विचच्या मागचा कपलर.

थार_नाही_जिप्सी

मध्येच बोलतो. माझी जिप्सी आहे आणि तिथे रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आतच असतो, तरी शोधायची रीत हीच, फक्त पिना वेगळ्या. दुसरं, या सगळ्यात बॅटरीला विसरू नका. इतके महिने १५-१६ खाल्लेत तिने, हायड्रोमीटर घेऊन सहाही सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) बघा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर बॅटरी संपत आलीय असं धरा, नाहीतर वायरिंग नीट करूनही ती गरम होत राहील आणि तुम्हाला वाटेल काम झालंच नाही. बल्बचं म्हणाल तर ५ टक्के व्होल्टेज वाढलं की फिलामेंट बल्बचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, तुम्ही तर त्याच्या दुपटीच्या वर होतात.

वाशिष्ठी_काठ

सापडलं! इग्निशन स्विचच्या मागचाच कपलर. हात लावला तर चटका बसावा इतका गरम. खोलला तर पांढरं प्लॅस्टिक एका बाजूने चहासारखं तपकिरी झालंय, त्यातली एक पिन काळी, आणि वायरीचं इन्सुलेशन दोन इंच सोललं तरी आतलं तांबं हिरवं. पुराचं पाणी वायरीच्या आतून वर चढलं असणार. एवढी वर्षं तिथेच होतं आणि आम्ही मडगार्डपाशी रेग्युलेटर बदलत बसलो.

आता काय करू? कोणीतरी सांगितलं रेग्युलेटरची इग्निशन वायर सरळ बॅटरीला जोड.

तारयंत्री

सरळ जोडू नका. गाडी बंद असतानाही फील्डमधून करंट जात राहील आणि सकाळी सेल्फ फिरणार नाही. मध्ये रिले (थोड्या करंटवर चालणारा स्विच) घाला. साधा चार पिनचा १२ व्होल्टचा घ्या. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून वायर, बॅटरीच्या अगदी जवळ १० अँपिअरचा फ्यूज टाकून. ८७ वरून रेग्युलेटरची इग्निशन पिन. ८६ ला जुनी इग्निशनची वायर आणि ८५ बॉडीला अर्थ, रंग खरवडून. रिलेच्या कॉइलला अगदी थोडा करंट लागतो त्यामुळे जुन्या वायरीत आता काही गळणार नाही आणि रेग्युलेटरला बॅटरी जशी आहे तशी दिसेल.

पण रिले टाकून तो कपलर तसाच ठेवू नका, हे नक्की ऐका. वायपर अजून त्याच्यावरूनच चालणार आणि तो एक दिवस पेट घेईल. हिरवं तांबं संपून चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापा, नवीन तुकडा जोडा, वायरीच्या टोकाला नवीन थिंबल नीट दाबून, नवीन कपलर. हिरव्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, पॉलिश पेपर मारून वेळ मारून नेऊ नका.

वाशिष्ठी_काठ

रविवारी काम केलं. वायर जवळजवळ एक फूट कापावी लागली तेव्हा कुठे तांबड्या रंगाचं तांबं दिसलं. स्विचचा कपलर नवीन, रिले बॅटरीच्या ट्रेच्या वर बसवला, खालची ट्रे ॲसिडने खाल्ली होती ती खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून रंगवली.

आता बॅटरीवर रेसला १४.३. वायपर, पंखा, हेडलाईट सगळं लावून १४.२. प्लस ते पिन ०.१.

ग्रॅव्हिटी बघितली, पाच सेल १२४० च्या आसपास, एक ११८० वर अडकलाय आणि रात्रभर चार्ज करूनही वर येत नाही, म्हणजे बॅटरी घ्यावी लागणार. जुने दोन्ही रेग्युलेटर डब्यात सापडले, एकेक लावून बघितले, दोघांवरही १४.३. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, मीटर त्यांच्याच हातात दिला होता.