चार गाड्या, एक ट्रिप: सगळ्यांनी लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं का?

सातरस्ता
दिवाळी झाली की आम्ही चार गाड्या घेऊन सोलापूरहून हंपीला निघायलोय. विजापूर, निडगुंदी, इलकल, कुष्टगी करत होस्पेट, तीनशेच्या आसपास किलोमीटर. मी म्हणलो प्रत्येक गाडीतल्या एकानं व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन टाकायचं, आठ तासाचा पर्याय आहेच, तेवढ्यात आपण थांबत थांबत पोचतोय. तर घरातनंच विरोध. मोठी माणसं म्हणतेत आम्ही काय फिरलो नाही का. मला मात्र हे पटतंच नाही, दर दहा मिनिटाला गाडी चालवणाऱ्याला "कुठं पोचला ओ" म्हणून फोन करण्यापेक्षा नकाशा बघितलेला कधीही बरा. तुम्हाला काय वाटतं बोला.

कडकभाकरी
माझा विरोध आहे, आणि तो जुनं ते सोनं म्हणून नाही. लोकेशन दिसायला लागलं की मागचा माणूस गाडी पळवतो. पुढची गाडी झळकीला दिसली की हा टाकळीपासनंच दाबायला सुरू करतो, का तर मागं पडलो म्हणून. रस्ता चौपदरी झाला असला तरी दिवाळीनंतर कारखाने चालू असतेत, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतेत, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, पहाटे अंधारात निघालात तर जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तिथं एकमेकाला गाठायची घाई नको रे बाबा. त्यापेक्षा थांबे ठरवा. पहिला विजापूर, दुसरा इलकल. जो आधी पोचला त्यानं चहा घेत थांबायचं, विषय संपला.

सातरस्ता
थांबे ठरवणारच आहे हो. पण "विजापूरला थांबू" म्हणलं की एक गाडी गोल घुमटाकडं शहरात शिरते आणि दुसरी बायपासनं पुढं जाते, मग अर्धा तास दोघं एकमेकाला खुणा सांगत बसतेत, तेही कानडी पाट्या वाचता येत नसताना. गाडी पंक्चर झाली, कुणाला उलटी व्हायला लागली, तर मागं नेमकं कुठं यायचं ते कसं कळणार?

पार्कचौक
लोकेशनच्या बाजूनं मी पण आहे, पण ते कसं चालतं हे समजून वापरा. फोनला आपली जागा उपग्रहावरनं कळते, त्याला रेंज लागत नाही. पण ती जागा दुसऱ्याला पाठवायला नेट लागतंच. म्हणजे मधी रेंज गेली की गाडी धावत असते आणि नकाशावर ती तिथंच थांबलेली दिसते, आणि मग बाकीच्यांच्या पोटात गोळा. म्हणून आधी नावाखाली बघायचं, शेवटचं कधी अपडेट झालंय. दुसरं, बऱ्याच फोनचा बॅटरी सेव्हर मागं चालणारं लोकेशन स्वतःच बंद करतो, निघायच्या आधी तो काढा आणि फोन चार्जरला लावा. गुगल मॅपवर विजापूर ते होस्पेट पट्टा ऑफलाइन उतरवून ठेवा.
आणि फोन चालवणाऱ्याच्या हातात अजिबात नको. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मधी गाडी चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमधी धरलंय. नंतर २०२० ला नियमात जी मोकळीक दिली ती फक्त रस्ता शोधायला, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. बाकीचे कुठवर आले हे बघणं म्हणजे रस्ता शोधणं नव्हे.

कडकभाकरी
हे सगळं बरोबर असलं तरी एवढी तयारी चार गाड्यांतले चौघं करतील यावर माझा विश्वास नाही. एकाचं जरी बंद पडलं तरी त्याच्या काळजीनं सगळे फोन करणार. म्हणजे फोन वाचले कुठं?

रेवणीची_सून
तुम्ही सगळे गाडीबद्दल बोलायलात, मी माणसाबद्दल बोलते. आमच्याकडं एका लग्नाच्या वेळी लोकेशन चालू केलं, गुगलवरचं, त्यात "तुम्ही बंद करेपर्यंत" असा पर्याय असतो, तो लागला. लग्न होऊन गेलं तरी मी बाजारात कधी गेले, माहेरी किती वेळ बसले हे घरात सगळ्यांना माहीत. बंद केलं तर "आता का बंद केलं" हा प्रश्न. सुरक्षेसाठी म्हणून सुरू झालेलं असं गळ्यात पडतं आणि बाईलाच त्याचा जाब द्यावा लागतो, पुरुषांना कुणी विचारत नाही. आणि अजून एक, खानदानाच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका, घर बंद आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळतं, त्यात कितीतरी नंबर कुणाचे आहेत हेच माहीत नसतं.

सातरस्ता
ताई, हे मी या बाजूनं बघितलंच नव्हतं. वेगळा ग्रुप करतो, फक्त येणाऱ्यांचा. आठ तासाचंच टाकायचं, गुगलचं नको.

रेवणीची_सून
आठ तासाचं आपोआप बंद होतं हे चांगलंय. तरी कुणाचा फोन हे गाडीतल्यांनी आपसात ठरवावं, वरनं नाव लावू नये. आमच्या गाडीत असा विषय निघाला तर मी सांगणार, माझा नको, दिरांचा घ्या.