एप्रिलच्या पावसात सोलंटमध्ये शीडबोट: काय तयारी करावी?

नीरजा_रेडिंग:
कॉलेजात असताना मी मुंबई बंदरात डिंगी (छोटी शीडबोट) चालवायचे. आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या ३२ फुटी बोटीवरून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॅम्बलहून सोलंट सामुद्रधुनीतून आइल ऑफ वाइट बेटावरच्या यारमथला जायचं ठरतंय. अंदाज: ८ अंश, दिवसभर रिपरिप, नैऋत्येचा वारा फोर्स ४ ते ५ (वाऱ्याच्या ब्युफर्ट मोजपट्टीवर). कपडे नेमके कोणते घ्यावेत? आणि एवढ्या गारठ्यात मजा येते का?

दर्यावर्दी_साउथॅम्प्टन:
येते, नक्की जा. सोलंट एरवी बोटींनी गजबजलेला असतो, या दिवसांत तो मोकळा मिळतो.

पण कपड्यांआधी पाण्याचं बोलू. किनाऱ्यावर डॅफोडिल फुललेली असतात आणि समुद्र मात्र अजून हिवाळ्यासारखाच गार, ८-९ अंशांच्या आसपास. डिसेंबरातलं पाणीसुद्धा याहून बरं, कारण समुद्र निवतो सावकाश आणि तापतोही सावकाश. अशा पाण्यात पडलं की पहिलं मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही, माणूस नुसता धापा टाकतो. पुढची दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात, मग बोटांना दोरही धरवत नाही. चांगलं पोहता येतं या भरवशावर अजिबात राहू नका. लाईफजॅकेट १५० न्यूटनचं (हा तरंगवण्याचा जोर) घ्या आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा आवळा. तो सैल असला की फुगलेलं जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्यात जातं. डोलकाठीकडे जाताना सेफ्टी लाइन अडकवायचीच. पडलेल्या माणसाला वर कसं घेणार, हे मालकाला निघण्यापूर्वीच विचारा. भिजलेला माणूस दोघांनाही उचलत नाही, त्यासाठी शिडी किंवा दोर-कप्पी तयार हवी.

आता कपडे. सुती काहीही नको, जीन्स तर नकोच. अंगालगत मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस, वरून छातीपर्यंत येणारी सेलिंगची ट्राउझर आणि जाकीट. गळ्याभोवती छोटा टॉवेल गुंडाळा, कारण शिडावरचा पाऊस बूमवर (शिडाखालच्या आडव्या दांड्यावर) साचतो आणि बोट वळवली की त्याची धार नेमकी मानेत उतरते. हातमोज्यांच्या दोन जोड्या ठेवा. ओली शीट (शिडाचा दोर) विंचवरून (दोर ओढायच्या चक्रीवरून) सैल सोडायला बोटं शाबूत लागतात, आणि गारठ्यात आधी तीच जातात.

कोकणकन्या७:
पाऊस आला म्हणून केबिनमध्ये जाऊन बसू नका, बोट लागते ती तिथेच. गोळी निघण्याच्या दोन-तीन तास आधी घ्या. मी आलेपाक खिशात ठेवते आणि सूप थर्मासमध्ये भरून नेते, कारण हलत्या बोटीत गॅस पेटवायला कुणी धजत नाही.

नीरजा_रेडिंग:
खूप आभार दोघांचेही! फोर्स ५ मध्ये यारमथ जमेल का? डिंगीवर एवढा वारा मी झेललाय.

दर्यावर्दी_साउथॅम्प्टन:
वारा तेवढाच असला तरी जोर जास्त लागेल. ८ अंशांची हवा मुंबईच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा सात-आठ टक्के जड असते. पहिला रीफ (शीड थोडं गुंडाळून लहान करणं) मरिनातच, बोट धक्क्याला असतानाच, घ्यायला सांगा, लाटांत गार बोटांनी घेत बसू नका.

खरी अडचण प्रवाहाची आहे. यारमथ पश्चिमेला, म्हणून सगळे ओहोटी धरून निघतात. पण ओहोटी पश्चिमेकडे आणि वारा समोरून नैऋत्येचा, अशी गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. प्रत्येक लाटेचं पाणी कॉकपिटात (बसायच्या उघड्या जागेत) येतं. पहिल्या फेरीला मी तरी त्याच बेटावरच्या काउजला जाईन. साधारण निम्मं अंतर, शिवाय नैऋत्येच्या वाऱ्यात आइल ऑफ वाइटचा आडोसा मिळतो.

वाटेत जहाजांचा मार्ग ओलांडावा लागेल. तिथे १५० मीटरपेक्षा जास्त लांबीच्या जहाजाच्या पुढ्यात १००० मीटर आणि दोन्ही बाजूंना १०० मीटर शिरायला बंदी आहे. पावसात कंटेनरचं जहाजसुद्धा उशिरा दिसतं, तेव्हा बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर बंदराचा चॅनल १२ ऐकत राहा. नेमका दिवस आणि भरतीची वेळ कळवा, निघायची वेळ काढून देतो.